किनाऱ्यावरच्या माद्या कुठे गेल्या?

दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर जगातल्या दक्षिणी एलिफंट सीलपैकी निम्म्याहून अधिक सील विणीसाठी येतात. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांनी २०२२ आणि २०२४ मध्ये तिथल्या तीन सर्वांत मोठ्या वसाहतींवर ड्रोन उडवून माद्या मोजल्या. दोन वर्षांत त्या ४७ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

मधल्या काळात तिथे बर्ड फ्लू पोहोचला होता. त्याच्या एच५एन१ विषाणूची ही वंशावळ १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांमध्ये आढळली. २००६ मध्ये आपल्या नवापूरच्या पोल्ट्रींना तिनेच झोडपलं. पुढे रूप पालटत ती रानपक्ष्यांत मुरली आणि २०२२च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेत उतरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियालगतच्या बर्ड आयलंडवर तपकिरी स्कुआ पक्ष्यांमध्ये ती सापडली. स्कुआ मेलेल्या प्राण्यांचं मांस खातो, दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं पळवतो आणि हिवाळ्यात दूरवर भटकतो. विषाणूला याहून सोयीचं वाहन कुठलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही मेलेल्या स्कुआंमध्येच तो मिळाला.

सीलांची गोष्ट अधिक जीवघेणी आहे. विणीच्या काळात ते किनाऱ्यावर दाटीने पडून असतात. मादी एकच पिल्लू देते आणि जवळपास तीन आठवडे स्वतः उपाशी राहून त्याला दूध पाजते. तेवढ्यात ती मेली किंवा समुद्रात निघून गेली, तर पिल्लू वाचत नाही. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर २०२३ मध्ये १७ हजारांहून अधिक पिल्लं दगावली; त्या हंगामातली जवळजवळ सगळीच. तिथल्या विषाणूच्या जनुकीय अभ्यासातून तो एका सीलकडून दुसऱ्याकडे पसरत असल्याचं दिसतं. पक्ष्यांचा रोग सस्तन प्राण्यांत असा फिरू लागणं, ही मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

या रानातल्या जिवांना लस टोचत फिरणं शक्य नाही. पर्यटकांचे बूट धुणं, प्राण्यांपासून लांब राहणं, जमिनीवर न बसणं एवढंच माणसाच्या हाती उरतं. कोंबड्या-बदकांच्या गर्दीत पोसलेल्या विषाणूवर हे उपाय फारच तोकडे आहेत.

साउथ जॉर्जियाच्या गायब माद्या सगळ्याच मेल्या असतील असं नाही. काहींनी वीण टाळून समुद्रातच मुक्काम केला असेल. त्या परततात का, हे पुढच्या हंगामांतल्या मोजणीतच कळेल.