कामगारांसाठीं सूचना कशी लिहावी

शाळा सोडल्यावर आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस निबंध लिहिण्याचा प्रसंग बहुधा येणार नाहीं. परंतु कारखान्यांतील किंवा कचेरींतील माणसांसाठीं चार ओळींची सूचना त्यांस खचित लिहावी लागेल. ती कशी लिहावी, याचा येथें थोडा विचार करूं.

पत्र वाचणारा बसून वाचतो. सूचना वाचणारा उभ्याउभ्या, हातांत डबा आणि कानांत भोंगा अशा स्थितींत वाचतो. "यंत्रांच्या स्वच्छतेसंबंधीं वेळोवेळीं निर्गमित केलेल्या आदेशांचें कटाक्षानें पालन करण्यांत यावें" असें त्यास सांगितलें, तर त्यानें करावयाचें काय? आदेश कोणते, हेंच मुळीं उमगत नाहीं. आतां तेंच असें लिहून पाहावें: "यंत्र पुसण्यापूर्वीं तें बंद करा. बंद केल्यावरही पट्टा कांहीं क्षण फिरत राहतो. तो पुरता थांबल्याशिवाय हात घालूं नका. थांबत नसेल तर मुकादमास बोलवा." पुष्कळांस कारण सांगणें अनावश्यक वाटतें, आम्हांस तसें वाटत नाहीं. पट्ट्याविषयींचें तें वाक्य गाळलें, तर घाईंतला मनुष्य कळ दाबल्याबरोबर फडकें पुढें करील आणि बोट गमावून बसेल.

दुसऱ्या महायुद्धांत, ९ ऑगस्ट १९४० रोजीं, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनीं सरकारी खात्यांस एक टिपण धाडलें. अहवाल फार लांबतात. मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत मांडावे, आंकडे व तपशील परिशिष्टांत घालावे आणि पोकळ शब्दजाल टाळावें, असा त्याचा आशय होता. मुद्दे नेमके मांडण्याच्या संवयीनें विचारही स्वच्छ होतो, असें त्यांनीं त्यांत सुचविलें होतें. तें टिपण स्वतः एका पानांत मावणारें होतें, हें विशेष!

भारतांत १९४८ च्या कारखाने अधिनियमानें कायदेशीर सूचना इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेंत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक जागीं, वाचतां येतील अशा लावण्याचें बंधन घातलें होतें. तथापि मराठी सूचना कधीं कधीं इंग्रजीहूनही दुर्बोध होते, कारण लिहिणारा शब्द कोशांतून आणतो, कामगाराच्या बोलण्यांतून नव्हे.

सूचना फलकावर लावावयाची असो वा भ्रमणध्वनीवर धाडावयाची असो, ती आधीं एखाद्या नवख्या कामगारास वाचावयास द्यावी. "समजलें का?" असें विचारूं नये, त्यावर सारेच मान डोलावतात. "आतां तूं काय करशील?" असें विचारावें, आणि तो चुकीचें सांगूं लागला तर सूचना पुन्हां लिहावयास घ्यावी.