नोंदवहीबाहेरचे पोर्ट

दमणगंगेच्या काठी वसलेल्या सिल्वासाच्या परिसरात, आमली, मसाट, पिपरिया अशा वसाहतींतून पॉलिएस्टर धाग्याचे जे कारखाने अहोरात्र चालतात, त्यांपैकी एखाद्याचे पॅकिंग खाते वाचकांनी क्षणभर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. धाग्याचे कोन भरलेली खोकी काट्यावर चढतात, वजनाचा आकडा उमटतो, आणि तो आकडा केबलीतून संगणकाकडे जाऊन खोक्याच्या लेबलावर छापला जातो. हा प्रवास ज्या दारातून होतो ते दार म्हणजे सिरीयल पोर्ट. त्याचे आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत सिद्ध झाले. आणि एकामागून एक बिट धाडण्याची त्याची रीत मंद असली तरी इतकी साधी व खात्रीची आहे की काटे बनविणाऱ्यांनी तिला अद्याप निरोप दिलेला नाही. संगणक बनविणाऱ्यांनी मात्र तो केव्हाच दिला. नव्या संगणकावर असे दार एखादे असते, नाहीतर मुळीच नसते. म्हणून काटे आठ असतील तर आठ पोर्टांचे कार्ड आत बसवून, एका रुंद जोडणीतून आठ शेपट्या फुटलेली केबल बाहेर काढावी लागते.

संगणक लिनक्सवर चालणारा असला, की अशा ठिकाणी एक तक्रार हमखास उद्भवते: पहिले काही काटे बोलतात, उरलेले मौन धारण करतात. कार्ड सदोष ठरवून ते परत धाडण्याचा हुकूम अशा वेळी तात्काळ सुटतो. माझ्या मते ही घाई अन्यायाची आहे. आरोपीची जबानी घेण्यापूर्वीच शिक्षा फर्मावण्यासारखी.

प्रथम हजेरी घ्यावी. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली असता संगणकात बसविलेल्या कार्डांची यादी मिळते. तीत आपले कार्ड नसेल, तर वीज बंद करून ते खाचेतून काढावे आणि पुन्हा नीट दाबून बसवावे. यादीत असेल, तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, रोजनाम्यासारखे टिपण उघडावे. पुष्कळदा त्यात असे आढळते की काही पोर्टांना ‘टीटीवाय-एस’ मालिकेतील नावे मिळाली, आणि पुढच्यांची नोंद करता आली नाही.

कारण चमत्कारिक आहे. जुन्या पीसीच्या काळी चार सिरीयल पोर्ट म्हणजे चैनीची परिसीमा होती. त्या रूढीला अनुसरून अनेक लिनक्स वितरणांत कर्नल आरंभी चारच पोर्टांच्या जागा मांडून ठेवतो. कार्ड शाबूत, पोर्ट शाबूत, वीज खेळती. पण दप्तरात रकाना नाही, म्हणून अस्तित्वही नाही. सिल्वासाच्या माणसाला ही अवस्था सांगून समजावण्याची गरज नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले (त्या मोहिमेत आपले सुधीर फडके होते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही), आणि तरीही भारतीय संघराज्यात त्याचा विधिवत समावेश होण्यास ऑगस्ट १९६१ उजाडावा लागला. मधली सात वर्षे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालू होता, पण दिल्लीच्या दप्तरी हा मुलूख आपला म्हणून नोंदलेला नव्हता. पोर्टांना सात वर्षे थांबावे लागत नाही. ग्रब या संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलीत, कर्नलला सुरुवातीस दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या ओळीत ‘८२५०.एनआर_यूआर्ट्स=१६’ असे लिहून, ग्रबची मांडणी नव्याने करून संगणक पुन्हा सुरू केला, की बाहेर ताटकळलेले पोर्ट आत येतात.

गंमत अशी, की लिनक्सचा जन्मच या दारापाशी झाला. हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली मॉडेमद्वारे विद्यापीठाच्या संगणकाशी बोलण्यासाठी जो छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याचाच विस्तार होत होत ही प्रणाली आकारास आली.

नोंद झाल्यावरही पोर्ट उघडताना परवानगी नाकारली गेली, तर डेबियन-उबुंटूवर त्या वापरकर्त्यास ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगइन करवावे. आकड्यांऐवजी अर्थहीन चिन्हे उमटू लागली, तर गतीचा मेळ पाहावा. प्रचलित गणित १.८४३२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर बेतलेले असते. काही कार्डांवर १४.७४५६ चा, म्हणजे बरोबर आठपट वेगाचा, स्फटिक असतो. ड्रायव्हरला याची वार्ता नसेल, तर ९६०० मागितल्यावर प्रत्यक्षात ७६,८०० मिळतात, आणि काट्याचे बोलणे संगणकाच्या कानी अपभ्रंश होऊन पडते.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास केबल काट्यापासून सोडवून तिच्या टोकाची दुसरी व तिसरी पिन तारेच्या तुकड्याने जोडावी आणि सिरीयल पोर्टाशी बोलणाऱ्या मिनिकॉम या प्रोग्रॅममध्ये काही टंकावे. मात्र त्यातील हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधी बंद करावे, नाहीतर निर्दोष पोर्टही मुका भासेल. टंकलेले अक्षर परत आले तर पोर्ट व केबल निर्दोष. मग शोध काट्याकडे, त्याच्या गतीकडे आणि उलटसुलट जोडलेल्या तारांकडे वळवावा.

शेवटचे काम दोघांचे. आठ शेपट्यांपैकी कोणती कोणत्या नावाने नोंदली गेली हे पडद्यावरून नुसते पाहून कळत नाही. तेव्हा एकाने क्रमाने प्रत्येक काट्यावर पाच किलोचे वजन ठेवावे, दुसऱ्याने पडद्यापाशी बसून आकडा ज्या पोर्टावर उमटेल त्याचे नाव मोठ्याने सांगावे, आणि ते ऐकून पहिल्याने त्या केबलीला चिठ्ठी डकवावी.