तंत्रमहाविद्यालयाचा आमदार कोण?

एखाद्या गावाचा किंवा प्रभागाचा आमदार कोण, हे बहुतेक मतदारांना ठाऊक असते. परंतु एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, तंत्रनिकेतनाचे किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रतिनिधित्व विधिमंडळात नेमके कोण करते, असे विचारले तर उत्तर तितके सरळ राहत नाही. याचे कारण असे की, लोकप्रतिनिधित्वाच्या सीमा मतदारांच्या वस्तीवरून आखल्या जातात, तर तंत्रशिक्षणाच्या सीमा संलग्नता, परीक्षा, अनुदान आणि प्रशासन यांच्या सोयीने ठरतात आणि या दोन नकाशांचा एकमेकांशी मेळ बसतोच असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात तंत्रशिक्षण संस्थांचे जाळे दाट असल्यामुळे हा प्रश्न तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

काही देशांत तंत्रशिक्षणासाठी स्वतंत्र भौगोलिक घटकच निर्माण केलेले आहेत. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याची विभागणी १६ तंत्रमहाविद्यालयीन जिल्ह्यांत केलेली असून, प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे नियामक मंडळ आणि मालमत्ता कर आकारण्याचा अधिकार आहे. त्यामुळे अशा एका जिल्ह्याच्या हद्दीत कोणकोणत्या विधिमंडळ सदस्यांचे मतदारसंघ येतात, हे तेथे अर्थसंकल्पाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात असा करआकारणीचा तंत्रशिक्षण जिल्हा अस्तित्वात नाही. त्याच्या जागी येथे अनेक अधिकारक्षेत्रे एकमेकांवर पसरलेली आहेत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांचे आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे संलग्नताक्षेत्र संपूर्ण राज्य आहे. तंत्रनिकेतनांच्या पदविका परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या दृष्टीने कोल्हापूर पुणे विभागात मोडते. ‘जिल्हा’ या एका शब्दाने तंत्रशिक्षणाचा व्यवहार येथे बांधला जात नाही, म्हणून प्रतिनिधीचा शोधही एका पायरीवर संपत नाही.

या शोधाची पहिली पायरी विधानसभेची. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी १० जागा कोल्हापूर जिल्ह्यात आहेत आणि त्यांचे अनुक्रमांक २७१ ते २८० असे सलग आहेत : चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. यांपैकी हातकणंगले हा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ही रचना २००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेल्या आणि २००८ मध्ये अंमलात आलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेची आहे. २००९ ची निवडणूक तिच्यानुसार झालेली पहिली विधानसभा निवडणूक होती. त्यापूर्वी जिल्ह्यात १२ जागा होत्या. पुनर्रचनेत सांगरूळ, पन्हाळा, वडगाव आणि गडहिंग्लज ही नावे यादीतून गेली आणि कोल्हापूर शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन मतदारसंघ झाले. जुन्या नावांची सवय अजूनही बोलण्यात टिकून असल्याने ‘पन्हाळ्याचा आमदार’ किंवा ‘गडहिंग्लजचा आमदार’ असे उल्लेख कानी पडतात. कायद्याच्या दृष्टीने असे मतदारसंघ आता नाहीत.

जिल्ह्यात तालुके बारा आणि मतदारसंघ दहा, एवढ्यावरूनच तालुका म्हणजे मतदारसंघ नव्हे, हे लक्षात येते. पुनर्रचनेत तालुक्याच्याही खाली जाऊन महसूल मंडळ, म्हणजे तलाठ्यांच्या काही सज्जांचा मिळून होणारा गट, हा घटक धरण्यात आला, त्यामुळे काही तालुके फोडले गेले. आजरा तालुक्याचे भाग चंदगड, राधानगरी आणि कागल अशा तीन मतदारसंघांत गेले. पन्हाळा तालुका शाहूवाडी व करवीर यांच्यात वाटला गेला. हातकणंगले तालुक्यात हातकणंगले आणि इचलकरंजी असे दोन मतदारसंघ आले. आणि करवीर तालुक्यातील गावे करवीर व कोल्हापूर दक्षिण यांत विभागली गेली. संस्थेच्या पत्त्यात ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’ असे लिहिलेले असले, तरी त्यावरून आमदार ठरत नाही. पिनकोडचाही येथे उपयोग नाही, कारण तो टपाल वितरणाच्या सोयीसाठी असतो.

काही ठळक संस्थांवरून हे अधिक स्पष्ट होईल. १९८३ मध्ये सुरू झालेले केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालय करवीर तालुक्यातील गोकुळ शिरगाव येथे असून, ते करवीर मतदारसंघात नव्हे तर कोल्हापूर दक्षिणमध्ये येते. १९८४ पासूनचे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय कसबा बावडा येथे, म्हणजे कोल्हापूर उत्तरमध्ये आहे. वारणानगरचे तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालय पन्हाळा तालुक्यातले, पण त्याचा मतदारसंघ शाहूवाडी. इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगाला मनुष्यबळ पुरवणारी डीकेटीई ही १९८२ मध्ये स्थापन झालेली संस्था इचलकरंजी मतदारसंघात आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत या चार मतदारसंघांतून अनुक्रमे अमल महाडिक, राजेश क्षीरसागर, विनय कोरे आणि राहुल आवाडे निवडून आले.

ज्या संस्थेचा मतदारसंघ असा सहज सांगता येत नाही, तिच्यासाठी सर्वांत खात्रीचा कागद म्हणजे मतदारयादी. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक व नाव, यादी भाग क्रमांक, त्या भागात समाविष्ट गल्ल्या, वसाहती किंवा वाड्या, मुख्य गाव, पोस्ट, पोलीस ठाणे, तालुका व पिनकोड आणि मतदान केंद्राचे नाव दिलेले असते. महाविद्यालयाच्या आवारात मतदार राहत नसले, तरी लगतच्या वसाहतीचा यादी भाग सापडला की बहुधा संस्थेचा मतदारसंघ सापडतो. भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर या याद्या उपलब्ध असतात. १९५० हा मतदार मदत क्रमांक आहे. आणि जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असल्याने त्यांच्या कार्यालयातील निवडणूक शाखेतही चौकशी करता येते. कोल्हापूर शहरात उत्तर आणि दक्षिण यांची सीमारेषा महापालिका क्षेत्रातूनच जात असल्याने तेथील संस्थांच्या बाबतीत केवळ अंदाजावर विसंबणे टाळावे.

दुसरी पायरी विधानपरिषदेची आहे आणि तंत्रशिक्षणाच्या बाबतीत तीच अनेकदा विसरली जाते. विधानपरिषद हे विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह असून, तिच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोकप्रतिनिधी, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात, तर १२ सदस्य राज्यपाल नामनिर्देशित करतात. कोल्हापूर जिल्हा पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या दोन्ही मतदारसंघांत येतो. या दोहोंचे क्षेत्र पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचे आहे. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत पदवीधर मतदारसंघातून अरुण लाड आणि शिक्षक मतदारसंघातून जयंत आसगावकर निवडून आले. याशिवाय कोल्हापूर स्थानिक प्राधिकारी मतदारसंघ हा केवळ या जिल्ह्यापुरता आहे. २०२१ मध्ये तेथून सतेज पाटील बिनविरोध निवडले गेले. अशा रीतीने जिल्ह्यातील प्रत्येक तंत्रशिक्षण संस्थेला विधानसभेचा एक आणि विधानपरिषदेचे तीन, असे किमान चार प्रादेशिक प्रतिनिधी असतात.

या चौघांतील फरक मतदारांच्या स्वरूपात आहे. विधानसभेचा सदस्य सर्व प्रौढ मतदारांचा असतो. शिक्षक मतदारसंघाचा मतदार होण्यासाठी मागील सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या विनिर्दिष्ट शैक्षणिक संस्थेत अध्यापन केलेले असावे लागते, त्यामुळे अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक हे त्या प्रतिनिधीचे थेट मतदार ठरतात. पदवीधर मतदारसंघात पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या आणि मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणाऱ्या व्यक्तीला नाव नोंदवता येते. या दोन्ही याद्या प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने तयार केल्या जातात आणि पदवीधरांनी नमुना १८, तर शिक्षकांनी नमुना १९ भरून पुन्हा नोंदणी करावयाची असते. सर्वसाधारण मतदारयादीतील नाव तेथे आपोआप येत नाही. शिवाय विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून जाणाऱ्या दहा नोंदणीकृत पदवीधर प्रतिनिधींसाठीची नोंदणी ही विद्यापीठाकडील वेगळीच नोंदणी आहे. या दोन नोंदण्यांची गल्लत नेहमी होते आणि एकीकडे नाव असल्याने दुसरीकडेही मतदान करता येईल, अशी समजूत बाळगणाऱ्यास मतदानाच्या दिवशी हात हलवत परत यावे लागते.

प्रतिनिधी कोण, हे समजल्यानंतर कोणत्या प्रश्नासाठी कोणाकडे जावे, हा विचार उरतो आणि त्यासाठी खात्यांची विभागणी लक्षात घ्यावी लागते. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभागाकडे आहेत. २०२४ च्या निवडणुकीनंतर स्थापन झालेल्या मंत्रिमंडळात पहिले खाते चंद्रकांत पाटील यांच्याकडे, तर दुसरे मंगल प्रभात लोढा यांच्याकडे देण्यात आले. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील असलेले चंद्रकांत पाटील २०१९ मध्ये कोथरूडमधून विधानसभेवर जाण्यापूर्वी पुणे पदवीधर मतदारसंघाचेच विधानपरिषदेतील प्रतिनिधी होते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तंत्रनिकेतनाचा आणि आयटीआयचा आमदार एकच असला, तरी त्याने विचारलेल्या प्रश्नांना सभागृहात दोन वेगळे मंत्री उत्तर देतात.

आमदाराच्या हाती असलेली साधनेही निरनिराळी आहेत. ज्या प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, तो तारांकित प्रश्न. ज्याचे उत्तर केवळ लेखी मिळते, तो अतारांकित. आणि तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी ती लक्षवेधी सूचना. रिक्त अध्यापकपदे, शिष्यवृत्तीच्या प्रतिपूर्तीला होणारा विलंब किंवा शासकीय संस्थेतील कालबाह्य यंत्रसामग्री हे विषय या मार्गांनी मांडता येतात. एखाद्या शासकीय संस्थेच्या परिसरातील रस्ता किंवा तत्सम स्थानिक काम असेल, तर विधानसभेच्या सदस्याकडे जाणे सयुक्तिक. अध्यापकांच्या सेवाशर्तींचा प्रश्न असेल, तर शिक्षक मतदारसंघाच्या सदस्याचा तो मुख्य विषय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता हा मात्र केंद्राच्या कक्षेतील विषय असल्याने तेथे खासदार उपयोगी पडतो आणि येथे पुन्हा जिल्ह्याची सीमा ओलांडावी लागते, कारण हातकणंगले लोकसभा मतदारसंघात कोल्हापूरच्या चार विधानसभा मतदारसंघांबरोबर सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर व शिराळा हेही येतात.

कोल्हापूरच्या संदर्भात आणखी एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. १९८० च्या दशकात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली, तेव्हा सहकार आणि राजकारण यांत वावरणाऱ्या घराण्यांनी या क्षेत्रात पुढाकार घेतला. वारणानगरच्या संस्थेमागे कोरे, इचलकरंजीच्या डीकेटीईमागे आवाडे आणि कसबा बावड्याच्या संस्थेमागे पाटील घराणे उभे आहे आणि याच घराण्यांतील व्यक्ती विधिमंडळात आहेत. त्यामुळे संस्थेच्या गरजा सभागृहापर्यंत लवकर पोहोचतात, हा लाभ खरा. परंतु शुल्क किंवा व्यवस्थापन यांविषयी विद्यार्थ्याला अथवा पालकाला काही म्हणायचे असेल, तेव्हा संस्थाचालक आणि लोकप्रतिनिधी एकाच घरातले असण्याची शक्यता त्याच्यासमोर असते. अशा वेळी एकाच संस्थेला चार प्रतिनिधी असण्याच्या व्यवस्थेचे महत्त्व कळते, कारण पाच जिल्ह्यांतून निवडून येणारा पदवीधर किंवा शिक्षक प्रतिनिधी हा त्याच्यासाठी दुसरा खुला दरवाजा ठरतो.

म्हणून निवेदन लिहिताना संस्थेचे नाव आणि तालुका एवढेच देऊन थांबू नये. विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक, संबंधित विभाग, संलग्न विद्यापीठ किंवा मंडळ आणि अर्जदार स्वतः कोणत्या यादीतला मतदार आहे, ही माहिती प्रारंभीच नोंदवावी आणि प्रती विधानसभा सदस्याबरोबर विधानपरिषदेच्या संबंधित सदस्यासही द्याव्यात. निवेदन देणाऱ्या विद्यार्थ्याचे मत त्याच्या गावी, दुसऱ्याच मतदारसंघात असेल, तर तेथील आमदारालाही प्रत पाठवणे इष्ट, कारण संस्था त्याच्या क्षेत्रात नसली तरी मतदार त्याचा असतो आणि विधिमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार मतदारसंघाच्या हद्दीने बांधलेला नाही.