कुलूप फुटते कुठे?

८३ गुणिले ९७ किती? कागद घेतला की अर्ध्या मिनिटात ८०५१ येतात. आता उलट करा, ८०५१चे अवयव पाडा. २, ३, ५, ७ असा एकेका मूळ संख्येने भाग देत निघालात, तर तेविसाव्या खेपेला ८३ सापडतो. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या आरएसए पद्धतीची सगळी भिस्त या फरकावर आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. तो, आणि सोबत एक छोटी संख्या, वापरून कोणीही निरोप कुलूपबंद करावा. उघडायला मात्र त्या दोन मूळ संख्या लागतात, आणि त्या फक्त मालकाकडे असतात.

त्याच वर्षी त्यांनी १२९ अंकी गुणाकार आव्हान म्हणून जाहीर केला. तो फुटायला कोट्यवधी वर्षे लागतील असा अंदाज होता. १९९४ मध्येच फुटला! अवयव पाडण्याच्या रीती सुधारल्या होत्या आणि इंटरनेटवरून सुमारे ६०० स्वयंसेवक आठ महिने राबले. २०२० मध्ये २५० अंकी गुणाकार फुटला. आज सर्रास वापरतात तो ६१७ अंकी असतो. तो नीट निवडलेला असेल तर फोडल्याची जाहीर नोंद नाही.

खरी गफलत निवडीत होते. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या, म्हणजे असे जाहीर गुणाकार, गोळा करून त्यांचे मसावि काढले. होय, शाळेतला मसावि! राउटरसारखी उपकरणे पहिल्यांदा सुरू होताच किल्ली बनवतात. तेव्हा त्यांच्यापाशी पुरेशी यादृच्छिकता नसते, आणि कधीकधी दोन उपकरणे नेमकी एकच मूळ संख्या उचलतात. समजा एकाचा गुणाकार ८०५१ आणि दुसऱ्याचा ७३८७. दोघांचा सामाईक अवयव त्यांच्या वजाबाकीतही असतोच. वजाबाकी ६६४, म्हणजे ८ गुणिले ८३. ८३ हाती लागला की दोन्ही कुलपे उघडली. अशा हजारो किल्ल्या सापडल्या. इतकी सुंदर कल्पना घाईपायी वाया जावी, याचे मला खरेच वाईट वाटते.

पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीने ६१७ अंकही टिकणार नाहीत. आज टिपून ठेवलेला निरोप तेव्हा वाचता येईल. म्हणून अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची मानके जाहीर केली. त्या अवयवांवर उभ्या नाहीत. किल्ली मात्र त्यांतही यादृच्छिकपणेच निवडावी लागते.