शस्त्रक्रियेतील कर्तन-उपकरणांची जागतिक बाजारपेठ : वाढ आणि तिचे वाटप

प्रस्तावना

सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे व २० शस्त्रे सांगितली आहेत. पकडण्याची व ओढून काढण्याची साधने ती यंत्रे आणि धार असलेली ती शस्त्रे, असा त्यामागील भेद आहे. आधुनिक शस्त्रक्रियागृहातही हा भेद टिकून आहे. चाकू, कात्री, करवत, छिन्नी इत्यादी कर्तन-उपकरणे आज जागतिक व्यापाराची वस्तू बनली आहेत. या व्यापाराची वाढ कशामुळे झाली आणि तिचा लाभ कोणाच्या वाट्यास आला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मागणी वाढण्याची कारणे

पहिले कारण उपकरणाच्या रचनेत आहे. पूर्वी शल्यचिकित्सकाचा चाकू अखंड असे व धार बोथट झाली की तो पुन्हा पाजळावा लागे. १९१५ मध्ये मॉर्गन पार्कर यांनी मूठ व पाते वेगळे करता येईल अशा चाकूचे पेटंट मिळवले. मूठ कायम ठेवून पाते बदलण्याची सोय झाल्यामुळे धार खात्रीची झाली. पण त्याचबरोबर वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूचे रूपांतर प्रत्येक शस्त्रक्रियेस नव्याने विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूत झाले. ग्राहक तोच राहूनही खरेदी वाढत गेली.

दुसरे कारण तंत्रातील बदल हे होय. १९२६ मध्ये हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या विद्युत्-उपकरणाचा मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापर केला. कापणे व रक्तस्राव थांबवणे ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच साधनाने होऊ लागली. पुढे दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी लांब दांड्याच्या कात्र्या व ध्वनिलहरींवर चालणारी कर्तन-साधने आली. साध्या पात्याच्या तुलनेत त्यांची किंमत कितीतरी अधिक असल्याने बाजारपेठेचे मूल्य नगांच्या संख्येपेक्षाही वेगाने वाढते.

तिसरे कारण शस्त्रक्रियांची वाढती संख्या. जगात २००४ मध्ये सुमारे २३.४ कोटी मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या असा अंदाज होता. २०१२ साठीचा अंदाज सुमारे ३१.३ कोटींचा आहे.

उत्पादनाची दोन केंद्रे

हाताने वापरावयाच्या उपकरणांच्या व्यापारात दोन शहरे महत्त्वाची आहेत. जर्मनीतील टुटलिंगेन येथे १८६७ मध्ये गॉटफ्रिड येटर यांनी कारखाना सुरू केला आणि कालांतराने ते शहर वैद्यकीय उपकरणांचे केंद्र बनले. दुसरे केंद्र पाकिस्तानच्या पंजाबमधील सियालकोट. तेथे तलवारी व खंजीर घडवणाऱ्या कारागिरांची जुनी परंपरा होती. मिशन रुग्णालयातील उपकरणांच्या दुरुस्तीतून हे कारागीर नव्या व्यवसायात आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांच्याकडून उपकरणे घेतली.

पोलादाचा तुकडा तापवून साच्यात ठोकणे, कानशीने घासणे, पाणी देऊन कठीण करणे, धार लावणे व चकाकी देणे अशा अनेक टप्प्यांतून कात्री तयार होते. सियालकोटमध्ये यांतील बरीच कामे छोट्या कार्यशाळांना उक्ती दिली जातात. टुटलिंगेनमधील अनेक कंपन्या अशी साधी उपकरणे तेथून घेऊन आपल्या नावाने विकतात. घडाई एका ठिकाणी, तर नाममुद्रेचे मोल दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गुणवत्तेच्या कारणावरून सियालकोटच्या उपकरणांची आयात रोखली. तेव्हा उत्पादकांची संघटना व शासन यांनी मिळून उत्पादनाची मानके स्वीकारली आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. ग्राहकाने अट घातल्यास छोटा कारागीरही मानके पाळू शकतो, हे यातून सिद्ध झाले.

वाढीची दुसरी बाजू

मात्र ही अट उपकरणाच्या गुणवत्तेपुरती होती. ते घडवणाऱ्या हातांविषयी नव्हती. धातूची धूळ, यंत्रांचा गोंगाट, नगावर मिळणारी तुटपुंजी मजुरी व बालमजुरी यांकडे ब्रिटनमधील शल्यचिकित्सक महमूद भुट्टा यांनी २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून लक्ष वेधले. त्यानंतर ब्रिटिश मेडिकल असोसिएशननेही नैतिक खरेदीचा आग्रह धरला.

उपभोगातील विषमताही तितकीच तीव्र आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०१५ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्ध नाही. जगाच्या लोकसंख्येचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग ज्या सर्वांत गरीब देशांत राहतो, तेथे एकूण शस्त्रक्रियांपैकी केवळ ६ टक्के होतात. दरवर्षी आणखी १४.३ कोटी शस्त्रक्रियांची गरज आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत गरज म्हणजे मागणी नव्हे. क्रयशक्ती नसलेला रुग्ण बाजारपेठेच्या आकडेवारीत कोठेही दिसत नाही.

समारोप

कर्तन-उपकरणांची बाजारपेठ वाढते आहे. परंतु तिचे दोन्ही टोकांचे घटक, म्हणजे घडवणारा कारागीर आणि शस्त्रक्रियेची वाट पाहणारा गरीब रुग्ण, त्या वाढीबाहेर राहतात. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मुळे गुणवत्ता व सुरक्षितता यांना कायद्याचा आधार मिळाला. आता सार्वजनिक रुग्णालयांच्या निविदांत दराबरोबर श्रमाच्या अटींचाही समावेश व्हावयास हवा. १९९४ चा अनुभव पाहता ही अपेक्षा अव्यवहार्य म्हणता येणार नाही.