दुखण्याआधीची तपासणी

आजार अंगावर काढणे हा आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचा जुना स्वभाव. 'मला काय धाड भरलीय? दोन भाकरी पचतात,' असे म्हणून तपासणी टाळली जाते. परंतु रक्तदाब, मधुमेह व काही कर्करोग सुरुवातीला दुखतच नाहीत. म्हणून काही होत नसतानाच तपासून घ्यावयाचे असते.

याचा पुरावा आपल्या बार्शीतच आहे. येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली. ग्रामीण भागातील ही देशातील पहिलीच नोंदणी होय. बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर उपचारास येऊ लागल्या.

पुढे १९९९ पासून याच रुग्णालयाच्या सहभागाने त्यावेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. गावांचे चार गट पाडले. एका गटासाठी एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा ठेवली. आठ वर्षांत या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. नेहमीच्याच सोयींवर असलेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ जणी गेल्या. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

असे का झाले? विषाणू शरीरात टिकून राहिल्यास कर्करोग होण्यास बरीच वर्षे लागतात. त्या अवधीत दोष सापडला तर साध्या उपचाराने तो काढता येतो. मात्र ध्यानात ठेवावे, की जीव नुसत्या तपासणीने नव्हे, तर दोष सापडल्यावर झालेल्या उपचाराने वाचले.

आपली शिबिरे नेमकी येथेच कमी पडतात. शिबिर होते, फोटो निघतो, कागद कपाटात जातो. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक, अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक निघाल्यास पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. तंबाखू-मिश्रीची सवय असणाऱ्यांनी तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम दाखवावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, साखर, तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मोफत असते. गावातील आशाताईंकडे चौकशी करावी.

पेन्शन थांबू नये म्हणून आमच्या बँकेत वृद्ध मंडळी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास न चुकता येतात. त्याच महिन्यात शरीराचीही तपासणी करण्याचा नेम ठेवावा.

विद्यार्थी मित्रांनी एवढे करावे: घरातील आजी-आजोबांचे आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत, आणि दोष निघाल्यास दुसऱ्या खेपेला त्यांना स्वतः दवाखान्यात न्यावे. पहिल्या खेपेला पुष्कळजण येतात. दुसरी खेप चुकवू नये.