जनुकग्रंथातील प्रक्षेप



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने जीवशास्त्राचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय मला पाठचिकित्सेच्या वाटेनेच भेटला.

पोथ्या हाताने नकलल्या जात, तेव्हा मूळ ग्रंथात परका मजकूर शिरे. त्याला आपण प्रक्षेप म्हणतो. ज्ञानेश्वरीत शिरलेले असे पाठ दूर करण्यासाठी एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) तिचे शुद्धीकरण केले. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच प्रक्षेप वारंवार आढळला, तर त्या एकाच पूर्वपोथीवरून उतरल्या असाव्यात, हे पाठचिकित्सेचे साधे अनुमान आहे.

मानवी जनुकसंचय हीही सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी होय. तिच्यातील सुमारे ८ टक्के मजकूर प्राचीन रेट्रोविषाणूंकडून आलेला आहे. प्रथिनांची थेट संहिता मात्र २ टक्केही भरत नाही.

हे घडते कसे? पेशीत सामान्यतः डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरते. रेट्रोविषाणू उलट क्रमाने आपल्या आरएनएवरून डीएनए घडवतो आणि तो यजमान पेशीच्या डीएनएत जोडतो. आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधले. एड्सचा विषाणू याच कुळातला. तो रक्तातील पेशींत शिरतो, म्हणून त्याची नोंद संततीच्या जनुकांत उतरत नाही. प्राचीन काळी मात्र काही विषाणू बीजपेशींत शिरले आणि पिढ्यानुपिढ्या नकलले गेले. नकलताना साचलेल्या चुकांमुळे त्यांतील बहुतेक आता मोडके अवशेष आहेत. असे असंख्य अवशेष माणसात आणि चिंपांझीत नेमक्या त्याच जागी सापडतात. त्याचा अर्थ पोथ्या चाळणाऱ्यास निराळा सांगावा लागत नाही.

मग हे सारे गाळून ग्रंथ शुद्ध करावा काय? विषाणूच्या आवरणातील एक प्रथिन त्याला पेशीशी एकजीव होण्यास साहाय्य करीत असे. त्याच वंशाचे ‘सिन्सायटिन’ हे प्रथिन आज मानवी वारेतील पेशी एकमेकींत मिसळवून मातेकडून गर्भाला पोषण पोचवणारा थर घडवते. २००० साली हे उघड झाले. म्हणजे एका जुन्या रोगाची खूण आपल्या जन्माच्या वाटेवर राबते आहे.

आपल्या हैदराबादेतही याच्या जवळचे एक उदाहरण आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या सीसीएमबीत डॉ. लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार सापात प्रथम सापडलेल्या पुनरावृत्त डीएनएच्या साहाय्याने माणसाची ओळख पटवणारी पद्धती सिद्ध केली. तो मजकूर विषाणूंचा नव्हे. परंतु जनुकद्रव्यातील अशा पुनरावृत्तींनाही पूर्वी अडगळच समजत.

तेलुगू आणि दखनी यांच्या शेजारात आपली मराठी वाढली, म्हणून तिला अशुद्ध म्हणणारे भेटतात. शुद्ध वंशाचा अभिमान सांगणारेही भेटतात. त्यांनी ही पोथी एकदा उघडावी. प्रक्षेप अवश्य ओळखावा. मात्र तो गाळण्यापूर्वी त्याच्या आधारावर काय उभे आहे, ते पाहावे.